आजोबा गोवा सोडवायला आले नव्हते

आमच्या घरात एक गोष्ट अगदी ठाम बसलीय, की ६१ साली आजोबा पलटणीबरोबर गोव्यात शिरले. काका तर २ पॅरा मराठाचं नावच घेतात, उसगाववरून फोंड्याला आलेली ती. पलटण खरी, वाटही खरी, फक्त आजोबा तिच्यात नव्हते.

आजोबा गेल्यावर आजीच्या पेन्शनसाठी त्यांची काळी ट्रंक उघडली, त्यात डिस्चार्ज बुक मिळालं. कडा कुरतडलेल्या, मधली पानं एकमेकांना चिकटलेली, पण शाई स्पष्ट. घरचा पत्ता मामाचा, सावंतवाडीकडचा. आमचं गाव डिचोलीतलं, म्हणजे तेव्हा पोर्तुगालचं, मग भरतीला तो पत्ता कोण सांगणार! रामघाट चढून बेळगावला गेले नि मराठा लाइट इन्फंट्रीत लागले, १९५३ साली. जन्मतारीख पण तिथे एक आणि पोर्तुगीज काळच्या नोंदवहीत दुसरी, दीड वर्षाचा फरक, त्यावरून पेन्शनच्या कागदांसाठी जे हेलपाटे घातले ते सोडा आता.

इकडे घरी काय सांगायचे माहितीय? मुलगा मुंबईला गिरणीत आहे. भारताच्या सैन्यात आहे म्हटलं तर पाकल्यांचे, म्हणजे पोर्तुगीजांचे, पोलीस दारात उभे राहिले असते. मामा अधूनमधून येऊन तोंडीच खुशाली सांगायचा, पण ५५ च्या सत्याग्रहात गोळीबार झाला, सीमा बंद झाली आणि तेही संपलं. ५८ ला पणजी वारली ते आजोबांना कितीतरी महिन्यांनी कळलं. गावात शेवटपर्यंत गिरणीवालाच होता तो!

आणि डिसेंबर ६१ मध्ये ते कुठे होते, तर बेळगावलाच, रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरवर उस्ताद म्हणून. रंगरूटांची परेड घेत. आजीला त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "रस्त्यानं गाड्यांवर गाड्या माझ्या गावाकडे चालल्या होत्या आणि मी इथं पोरांना दाहिने मूड, बाएँ मूड करतोय." १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती दिली, आणि ह्यांना सुट्टी मिळाली ती पुढच्या शिमग्याला. मला विचाराल तर काकांच्या गोष्टीपेक्षा हीच जास्त लागते. लढाईला गेलेले पुष्कळ असतात हो, स्वतःचं गाव सुटत असताना चार-पाच तासांवर बसून शिट्टी वाजवणारा माणूस कुठे सापडतो.

(बाकी माणूस मजेशीर. हुर्राकाला, आपल्या काजूच्या दारूला, कधी हात लावला नाही, कॅन्टीनची रम मात्र औषध म्हणून रोज.)

आता गावच्या क्लबाला १९ डिसेंबरच्या बॅनरवर त्यांचा फोटो लावायचाय, खाली 'गोवा मुक्तीचे वीर' असं. मी म्हटलं नुसतं हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री लिहा, ते पुरे. काका त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. आजी म्हणते फोटो कुठला लावताय ते आधी दाखवा, मिशीचा नको.