ट्राय-एक्स, पण कुठला?

ट्राय-एक्स, म्हणजे कोडॅकचा ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मचा रोल, म्हटलं की "कुठला?" असं कुणी विचारत नाही. खरं तर विचारायला हवं.

३५ मिलिमीटरमध्ये हा रोल १९५४ साली आला आणि आजही त्याच नावाने मिळतो. मधल्या काळात कोडॅकने तो बदलत नेला. आपल्यासारख्या घरी रोल धुणाऱ्यांना जाणवण्याइतका बदल झाला तो या शतकाच्या सुरुवातीला, उत्पादन नव्या कारखान्यात गेलं तेव्हा. आधीचा 'ट्राय-एक्स पॅन', नंतरचा '४००टीएक्स'. माणूस दुकानात जाऊन मागतो मात्र ट्राय-एक्सच. डी-७६ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे रोल धुण्याच्या रसायनात, २० अंशांना जुन्याला आठ मिनिटं द्यायची, नव्याला कोडॅकचा तक्ता पावणेसात सांगतो. हा सव्वा मिनिटाचा फरक लहान नाही. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर दुपारच्या उन्हात बसलेल्या, पांढरा सदरा घातलेल्या आजोबांचा फोटो घ्या. सव्वा मिनिट जास्त धुतलात की निगेटिव्हवर सदरा गच्च काळा होतो आणि प्रिंटमध्ये त्याच्या चुण्या दिसत नाहीत, नुसता पांढरा ठिपका उरतो.

त्यात आपलं ठाणं. मे महिन्यात नौपाड्यात नळाला येणारं पाणी सहज तीसच्या घरात असतं. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या परातीत ठेवली तरी २० अंशांवर आणून ते टिकवणं कठीण, म्हणून बरेच जण २४ अंशांवर धुतात आणि वेळ कमी करतात. आधीच कमी असलेली वेळ आणखी कमी झाली की पाच मिनिटांच्या खाली जाते, आणि तिथे रोल एकसारखा धुतला जाईल याची खात्री राहत नाही. अशा वेळी आपल्या हातात नेमका कुठला रोल आहे हे कळलंच पाहिजे.

इलफर्ड या फिल्म कंपनीची नावं देण्याची पद्धत मला मनापासून आवडते. त्यांच्या रोलचं नाव एचपी, म्हणजे हायपरसेन्सिटिव्ह पॅनक्रोमॅटिक. सुरुवात १९३५ची, मग रोल बदलला की आकडा वाढला: एचपी३, एचपी४, १९७६मध्ये एचपी५. १९८९मध्ये त्यांनी आकडा न वाढवता 'प्लस' जोडलं. त्यांच्याच एफपी४ या दुसऱ्या रोलचंही तसंच, १९६८चा रोल १९९०मध्ये 'एफपी४ प्लस' झाला. मला विचाराल तर सरळ एचपी६ म्हणायला हवं होतं. पण निदान खोक्यावर मोठ्या अक्षरात 'प्लस' आहे. नवखा माणूससुद्धा ते वाचू शकतो.

कोडॅकने २००७मध्ये टी-मॅक्स ४०० हा आपला दुसरा रोल सुधारला. चांगलाच सुधारला, दाणा बारीक झाला. ठळक नाव मात्र 'टी-मॅक्स ४००'च राहिलं, आणि '४००टीएमवाय-२' हा कोड फिल्मच्या कडेला छापला. म्हणजे '२' डोळ्यांना दिसणार रोल धुऊन झाल्यावर! फुजीने २०१८मध्ये ॲक्रॉस हा रोल बंद केला आणि २०१९मध्ये परत आणला तो 'ॲक्रॉस २' म्हणून. खोक्यावर मेड इन यूके. नवा रोल, नवं नाव. काही लपवाछपवी नाही.

आग्फाच्या एपीएक्स १००चं मला खरंच वाईट वाटतं. जर्मनीतल्या लेव्हरकुझेनचा तो रोल कंपनीच्या २००५मधल्या दिवाळखोरीत गेला. आज एपीएक्स १०० नावाने जे मिळतं ते निराळंच इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा प्रकाश टिपणारा थर, आहे. चांगला रोल आहे तो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या एपीएक्सच्या वेळा त्याला लावायच्या नाहीत, आणि हे खोकं सांगत नाही.

मामाच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह मी सध्या लावतेय. लग्नं, मुंजी, कारखान्यांचे ग्रुप फोटो. खोकी केव्हाच फेकली गेली, पाकिटांवर फक्त गिऱ्हाइकाचं नाव. पट्टी उजेडावर धरली की भोकांच्या ओळीलगत बारीक अक्षरं दिसतात: 'कोडॅक सेफ्टी फिल्म ५०६३'. हा ट्राय-एक्स. ५०६२ दिसलं तर प्लस-एक्स, कोडॅकचाच दुसरा रोल. '४००टीएक्स' असेल तर पट्टी या शतकातली, वर्ष विचारायला कुणाला फोन करायला नको. म्हणून पाकिटावर मी खोक्यावरचं नाव लिहीत नाही, कडेला जे छापलंय ते जसंच्या तसं उतरवते.

जाता जाता एक '३२०'बद्दल. ट्राय-एक्स ३२० ही ४००ची जुनी किंवा नवी आवृत्ती नाही. ती वेगळीच फिल्म, टोनही वेगळे, फक्त आडनाव एक.

घरात जुनं डार्करूमचं पुस्तक असेल तर त्यातला तक्ता उघडा. ट्राय-एक्सच्या डी-७६, २० अंशांच्या ओळीवर पेन्सिलने काट मारून शेजारी पावणेसात लिहा, आणि एचपी५पुढे 'प्लस' छापलंय का ते बघा. नसेल तर तीही ओळ आजच्या रोलची नव्हे.