बॅरिमोरांच्या घरातली मुले

अमेरिकेत ज्या बॅरिमोर घराण्याचे नाव रंगभूमीच्या राजघराण्यासारखे घेतले जाते, त्याचा मूळपुरुष आपल्या आग्र्यात जन्मला होता. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील एका सर्वेक्षकाच्या घरी जन्मलेला हर्बर्ट ब्लाइथ शिक्षणासाठी इंग्लंडला गेला, तिथे नाटकाच्या नादी लागला आणि नटाचा बाप म्हणवून घेण्याची नामुष्की वडिलांवर येऊ नये म्हणून त्याने मॉरिस बॅरिमोर हे नाव धारण केले. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने फिलाडेल्फियाच्या ड्र्यू या नाट्यघराण्यातील जॉर्जियानाशी लग्न केले. लायोनेल, एथेल आणि जॉन ही त्यांची तिन्ही मुले नावारूपाला आली, पण खुद्द मॉरिसचा अखेरचा काळ मनोरुग्णालयात गेला आणि १९०५ मध्ये तो तिथेच वारला.

या घराण्याविषयी मी बरीच वर्षे वाचत आले आहे. आता ते लिहून काढण्याचे निमित्त घरगुती आहे. माझी नऊ वर्षांची भाची उत्तम नाचते. नागपुरात आमच्या रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात झालेल्या एका स्पर्धेनंतर कोणीतरी तिच्या आईला मुंबईच्या एका रिॲलिटी शोच्या ऑडिशनविषयी सांगितले. धाकट्या बहिणीने मला विचारले, ‘‘ताई, तू एवढं वाचतेस, सांग नं, पाठवू की नको?’’ तिला सरळ हो किंवा नाही म्हणण्याऐवजी मी तिला जॉन बॅरिमोरची मुलगी आणि नात यांची हकीकत सांगितली.

जॉनने १९२२ मध्ये न्यूयॉर्कला हॅम्लेट उभा केला आणि त्याचे १०१ प्रयोग केले. त्या पिढीतला सर्वांत देखणा आणि सर्वांत समर्थ नट म्हणून त्याची ख्याती झाली. पुढे दारूने त्याची स्मृती इतकी पोखरली की कॅमेऱ्यामागे धरलेल्या फलकांवरून संवाद वाचण्याची पाळी त्याच्यावर आली, आणि १९४२ मध्ये तो गेला. त्याची मुलगी डायना हीसुद्धा नटी झाली आणि तीही दारूच्या आहारी गेली. १९५७ मध्ये तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले, पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपटही निघाला, आणि १९६० मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. डायनाचा सावत्र भाऊ जॉन ड्र्यू याचीही गत निराळी नव्हती. व्यसनापायी त्याचे चित्रपटांतले काम सुटत गेले आणि संसार तर त्याला कधी साधलाच नाही. त्याची मुलगी ड्र्यू बॅरिमोर १९७५ मध्ये जन्मली, तेव्हा तिच्या वाट्याला बापाचे आडनाव आले, बाप आला नाही.

ड्र्यू अकरा महिन्यांची असताना कुत्र्यांच्या खाद्याच्या एका जाहिरातीत झळकली. १९८२ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’मुळे सातव्या वर्षी ती जगप्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका नामांकित विनोदी कार्यक्रमाचे तिने सूत्रसंचालनही केले. त्यानंतरचा घटनाक्रम तिने स्वतःच सांगितलेला आहे. जी मुलगी दिवसा चित्रीकरण करीत होती, तिला रात्री तिची आई न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या नाइट क्लबांमध्ये नेत असे. दहा वर्षांची होईपर्यंत तिने दारू चाखली होती, बाराव्या वर्षी ती कोकेनपर्यंत पोहोचली आणि तेराव्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाली. पुढे आईने तिला एका मनोरुग्णालयात ठेवले आणि तिथे तिने सुमारे दीड वर्ष काढले. चौदाव्या वर्षी न्यायालयाने तिला आईवडिलांच्या ताब्यातून मुक्त करून कायद्याच्या दृष्टीने सज्ञान ठरवले. १९९० मध्ये, इतर मुली दहावीच्या क्लासला जातात त्या वयात, तिचे आत्मचरित्र बाजारात आले.

यावर सर्वांत सोपे उत्तर म्हणजे ‘रक्तातच होते’. त्या घराण्याला शाप आहे, असे तिकडच्या वर्तमानपत्रांनीही कितीदा लिहिले असेल. व्यसनाधीनतेत आनुवंशिकतेचा भाग असतो, हे वैद्यकशास्त्र मान्य करते आणि मीही नाकारत नाही. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मध्यरात्री क्लबात रक्त नेत नाही, आई नेते. शापाची कथा मला म्हणूनच संशयास्पद वाटते, कारण तीत मोठ्या माणसांची सोय आहे. लहान मुलगी घराची मिळवती झाली की तिला ‘पुरे, आता झोप’ असे बजावण्याचा अधिकार हळूहळू कोणाकडेच उरत नाही. आई तिची व्यवस्थापक होते आणि बाकीचा गोतावळा तिच्या पुढच्या चित्रपटाची वाट पाहत बसतो. (आमच्या धंतोलीत आजोबांच्या नावाचे रुग्णालय चालवण्यासाठी तिसरी पिढी घडवताना जे चालते, त्याचे मूळ काही फार वेगळे नाही, फक्त तिथे छायाचित्रकार नसतात.)

मात्र ही मुले केवळ बिचारी होती, असे म्हणणेही मला पटत नाही. ड्र्यूला मनोरुग्णालयातील दीड वर्ष मिळाले, आणि तिथल्या कडक शिस्तीचा आपल्याला उपयोग झाला असे तिने पुढे सांगितले. बाहेर पडल्यावर काही काळ भूमिका मिळेनाशा झाल्या, कॉफीच्या दुकानात साफसफाईही करावी लागली. तरीही १९९५ मध्ये तिने स्वतःची निर्मितिसंस्था काढली. इतके पडूनही पुन्हा उभे राहण्याइतकी जमीन तिच्या पायाखाली होती. आपल्याकडे संजय दत्तचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ३ मे १९८१ रोजी नर्गिस गेल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. तो अमली पदार्थांत बुडालेला असताना सुनील दत्त यांनी त्याला उपचारांसाठी अमेरिकेत पाठवले. ते साधण्यासाठी मुलाला सक्त शब्दांत नको म्हणणारा बाप लागतो आणि त्या बापाकडे अमेरिकेच्या उपचारांचे पैसेही लागतात. प्रसिद्ध घराण्यातील मुलांना पैसा बहुतेक वेळा मिळतो. कमतरता पडते ती पहिल्या गोष्टीची.

या दोन्हींपैकी काहीच नसेल तर काय होते, ते आम्ही नागपूरकरांनी जवळून पाहिले आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘झुंड’साठी नागराज मंजुळे यांनी इथल्या वस्त्यांतील मुले निवडली होती आणि ती अमिताभ बच्चन यांच्यासमोर उत्तम वावरली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांतील एकाला चोरीच्या आरोपाखाली अटक झाल्याची बातमी आली. प्रसिद्धी त्याच्याही वाट्याला आली होती. तिच्यामागे घराणे, वकील आणि महागडे उपचार केंद्र नव्हते. ‘सुखवस्तू असूनही भरकटली’ असे वाक्य लिहिताना या मुलाची आठवण ठेवली पाहिजे, असे मला वाटते.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला तो मुख्यतः पैशाच्या बाजूने. १९२१ मध्ये ‘द किड’ या चित्रपटातून गाजलेला बालनट जॅकी कूगन याने मोठेपणी आपली कमाई उडवल्याबद्दल आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला, आणि त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या मिळकतीसंबंधीचा कायदा आला. आपल्याकडे बालकामगारविषयक कायद्याच्या २०१७ मधील नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन तसे हमीपत्र द्यावे लागते, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही, असेही त्यांत स्पष्ट लिहिले आहे.

बहिणीला मी हे नियम वाचून दाखवले. तिने ऑडिशनच्या अर्जावरील क्रमांकावर फोन करून हमीपत्राविषयी विचारले, तेव्हा ‘‘ते सगळं प्रॉडक्शनवाले बघतात’’ एवढेच उत्तर मिळाले. मग आम्ही भाचीलाच विचारले. नाचायला आवडेल, पण आई पूर्ण वेळ सोबत राहणार असेल आणि रात्री उशीर होणार नसेल तरच, असे तिने सांगितले. बहिणीने तिच्या या दोन्ही अटी आयोजकांना लेखी कळवल्या आहेत आणि त्यांच्याकडून लेखी उत्तर येईपर्यंत मुंबईची तिकिटे काढायची नाहीत, असे ठरले आहे.