उरलेल्याचा पाव

माझी भाची बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. सकाळी इंदूरच्या भंवरकुआंला क्लास, दुपारी आमच्याकडे जेवण, आणि मग टेबलावर वही पसरून गणितं. परवा तिचं घोडं एका नोकरदाराच्या पगारावर अडलं. पगाराचा एक तृतीयांश घरभाड्यात, उरलेल्याचा पाव हिस्सा किराण्यात, हाती राहिले 12,000. तर पगार किती?

"28,800," ती म्हणाली. पर्यायांत ते होतंच. आणि चूक होतं.

पेपर काढणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. पोरं कुठे घसरणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि तिथेच तो पर्याय मांडून वाट बघत बसतो. 'उरलेल्याचा' शब्द नजरेतून सुटला, की एक तृतीयांश आणि पाव मिळून खर्च होतो बारातले सात. (आमच्या मध्य प्रदेशात जमिनीच्या नोंदीला खसरा असतो, पण नाशिकच्या काकांच्या सातबाऱ्यामुळे हा अपूर्णांक आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.) मग 12,000 म्हणजे बारातले पाच, आणि पगार 28,800. नीट वाचलं तर भाडं देऊन दोन तृतीयांश उरतात, त्यातला पाऊण हिस्सा हाती राहतो, म्हणजे बरोब्बर अर्धा पगार. 24,000.

"एका शब्दाने 4,800 खाल्ले!"

तिच्या हिंदी पुस्तकात तो शब्द होता 'शेष'. शेष म्हणजे बाकी आणि शेष म्हणजे नागही. तेव्हापासून असं गणित चुकलं की ती "डसला" एवढंच म्हणते आणि पान उलटते.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'लीलावती'त भुंग्यांचं गणित घातलं, त्यातही सगळी मदार शेषावरच. थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा शिलींध्रावर, दोघांच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा मालती-केतकीच्या वासाने अधांतरी घिरट्या घालतोय. पंधरातले चौदा भाग तीन फुलांवर जातात, म्हणजे उरलेला एकटा तो पंधरावा. थवा 15. इथे सगळे हिस्से मूळ थव्याचेच आहेत, उरलेल्याचा एकही नाही, म्हणून नाग डसत नाही. भाचीने हे तोंडी सोडवलं, वर "आमच्या पेपरात भुंगे का नसतात?" असं विचारलं. नळ असतात, मजूर असतात, पाणी घातलेलं दूध असतं. खरंच, फुलं कुठेच नाहीत.

तिच्या पूर्वपरीक्षेत 35 गणितांना 20 मिनिटं. एका गणिताला 35 सेकंदसुद्धा नाहीत, त्यात भुंगे कुठे बसवणार! चुकलं की पाव गुण कापतात, आणि पर्याय पाच. डोळे मिटून पाच ठिकाणी टिक केली तर सरासरीने एक बरोबर, चार चूक; चार पाव म्हणजे एक, हाती शून्य. हिशेब करूनच बेतलंय सगळं. पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या माझ्या आजोबांना ही शिक्षा फार आवडली असती. ते तर औटकीही म्हणायचे, साडेतीनचा पाढा. आम्हाला त्यातलं औट घटकेचं राज्य तेवढं उरलं. घटका 24 मिनिटांची, म्हणजे ते राज्य 84 मिनिटांचं. भाचीची अख्खी पूर्वपरीक्षा 60 मिनिटांची. अडीच घटका!

संध्याकाळी तिला राजवाड्याकडे शेव आणायला नेलं. भाव 240 रुपये किलो.

"डेढ़ पाव," मी म्हटलं.

भाचीने मोबाइल काढला. 375 गुणिले 240 भागिले हजार. दुकानदार पुडी बांधताबांधताच बोलला, "नब्बे." पावाचे साठ, अर्ध्या पावाचे तीस. त्याने किलोपर्यंत जायची तसदीच घेतली नव्हती. भाचीचा मोबाइल थोड्या वेळाने 90 वर पोचला. ती काही बोलली नाही, पण स्कूटरवर मागून विचारलं, "मावशी, त्याला बँकेची परीक्षा द्यायला लावायची का?"

घरी आल्यावर ह्यांनी पुडीतली एक तृतीयांश शेव पोह्यांवर उपडी केली. उरलेल्याचा पाव भाचीने घेतला, वाटीत काढून, बोटाने हिशेब करत. डब्यात अर्धी राहिली. सकाळी बघितलं तर तीही नाही.

"शेष?" मी विचारलं.

तिने तोंड पुसलं.