तुम्ही विचारलेत म्हणून : टू-टू, मॅग्नम की सतरा?

काटोलकडचा कोणी बागाईतदार नागपुरात लग्नाला आला की पंगत उठल्यावर मला बाजूला घेऊन विचारतो, "काका, बागेसाठी छोटी रायफल घ्यायची तर पॉइंट टू-टू, मॅग्नम की सतरा एचएमआर?" तिन्ही छोट्या रायफलींच्या काडतुसांची नावे : टू-टू आणि सतरा हे आकडे गोळीच्या इंचातल्या जाडीचे (0.22 आणि 0.17), मॅग्नम म्हणजे टू-टूचाच जास्त जोरकस प्रकार. मी आजवर हसून टाळले, आता एकदाचे लिहूनच टाकतो.

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांना आधी या प्रश्नातून वगळा. वनविभागाची परवानगी हाती असली तरी टू-टूच्या 2.6 ग्रॅमच्या शिशाच्या गोळीने डुक्कर जागीच पडत नाही. जखम घेऊन ते पऱ्हाटीत शिरते आणि तिथे हालहाल होऊन मरते. मॅग्नमचा वेग सुमारे दीडपट आहे, तरी माझे उत्तर बदलत नाही. ही तिन्ही रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेत पेट घेणारी काडतुसे; ती कड घोड्याच्या ठोक्याने चेपावी लागते, म्हणून पितळ पातळच ठेवावे लागते आणि दाब फार वाढवता येत नाही. मग उरतात घुशी, उंदीर आणि, त्या काळी, कावळे.

कावळा तेव्हा वन्यजीव कायद्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत मोडत असे. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. माझा परवाना मात्र नेमबाजीचा होता, हेही सांगून टाकतो. 1996 साली, पोळ्याच्या आठवड्यात, विहिरीच्या काठावर बसलेल्या कावळ्यावर मी चाळीस पावलांवरून टू-टूची गोळी झाडली. पन्नास मीटरवरच्या 10.4 मिलिमीटरच्या वर्तुळात गोळ्या बसवणारा मी; कावळा उडाला, गोळी काळ्या दगडावर आपटून सूं करीत बांधापलीकडे गेली आणि निंबाखाली बांधलेला शेजाऱ्याचा बैल गुडघ्यांवर बसला. गोळी पुठ्ठ्यात हाडाजवळ रुतली होती. काढण्यापेक्षा राहू द्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले. पोळ्याला शेजाऱ्याने तोच बैल शिंगे रंगवून, झूल घालून, लंगडत तोरणाखाली आणला. मी दिलेले पैसे त्याने सर्वांसमोर मोजून घेतले आणि म्हणाला, "तुमचा निशाना लय चांगला हाये म्हन्तेत लोकं."

पुढे 2002 मध्ये सतरा एचएमआर आली. सुमारे 1.1 ग्रॅमची गोळी, सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास वेग, प्लॅस्टिकचे टोक आणि कठीण वस्तूवर फुटणारे पातळ आवरण. ही हाती असती तर गोळी दगडावरच चुरा झाली असती, असे मी कित्येक वर्षे स्वतःला समजावले. ते बऱ्याच अंशी खरेही आहे, आणि दगडी बांधांच्या शेतासाठी तिन्हींतून निवडायचीच झाली तर मी आजही सतराच म्हणेन. पण मला दगड दिसला होता. काडतुसांच्या खोक्यावरचा मैलाहून अधिक पल्ल्याचा इशाराही मी वाचला होता. बांधापलीकडे काय आहे, एवढेच मी पाहिले नव्हते, आणि ते न पाहणाऱ्या माणसाला सतराने सावध केले असते की आणखी निर्धास्त, याचा निकाल मला लावता आलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात कलमांच्या बुडाशी एक घूस दिसली. तिच्यामागे मातीचा उंच ढीग होता, आसपास कोणी नव्हते. मी रायफल खाली ठेवली. त्या रात्री तिने आणखी दोन कलमे पाडली.