“हो गं, लागलंय”

मला ओसीडी, म्हणजे एकच शंका पुन्हा पुन्हा छळणारा आणि तीच कृती परत परत करायला लावणारा मानसिक आजार. कुलूप लागलंय का, हे मी रात्री वीस-वीस वेळा बघायचे. ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण तपासायचं नाही, ही थेरपी सुरू होऊनही दोन महिने फरक पडेना. गोची घरातच होती. मी विचारायचे, नवरा मायेनं म्हणायचा, “हो गं, लागलंय.” तेवढ्यापुरता जीव शांत व्हायचा, शंका मात्र आणखी मुरायची. थेरपिस्टनी त्यालाही बोलावून घेतलं, असं उत्तर देणं थांबवायला सांगितलं. त्या रात्री तो एवढंच म्हणाला, “अवघड जातंय ना? मी बसतो सोबत.” मी रडले, पण उठले नाही. सत्र आठवड्यातून एकदा, घरचा सराव मात्र रोज. मनातल्या मनात “लावलंय, लावलंय” घोकणं हेही तपासणंच, हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.