सॉस

दादाने सॉस बाजूला सारला. एवढंच झालं. सुरीच्या पाठीने अलगद प्लेटच्या कडेला लोटला, मग स्टेक कापून खाल्ला, छान झालाय म्हणाला, नंतर परत एकदा म्हणाला. वहिनी ऑफिसचं काहीतरी सांगत होती, तिचं लक्षही नसेल गेलं. माझं गेलं. आणि आता भांडी झाली, ओटा पुसून झाला, सगळे झोपले, तरी मी त्या प्लेटच्या कडेपाशीच अडकलेय.

स्टेक आवडला ना, मग झालं की. असं स्वतःला समजावून बघितलं, पटत नाही. कारण स्टेकमध्ये माझं फार काही नसतंच. मांसाचा चांगला दोन बोटं जाड तुकडा आणायचा, तासभर आधी मीठ लावून ठेवायचं, मीठ आधी आतलं पाणी बाहेर ओढतं आणि मग तेच पाणी मिठासकट परत आत मुरतं, तेवढा वेळ त्याला द्यायचा. पॅनमध्ये टाकायच्या आधी कागदाने टिपून कोरडा करायचा, नाहीतर पॅनची सगळी ताकद ते पाणी उडवण्यातच जाते, पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही आणि तो खरपूस तपकिरी रंग धरायला १४० च्या पुढे जावं लागतं. बिडाचा पॅन धूर निघेस्तोवर तापवायचा. थर्मामीटरने आत ५२ दाखवले की उतरवायचा, बाहेर ठेवल्यावर तो आपला आपण तीनेक अंश चढतो. एवढं सगळं नीट पाळलं की स्टेक होतो. आज झालाच, वर कडक आणि आत मस्त गुलाबी.

सॉस मात्र मी करते. स्टेक काढल्यावर पॅनच्या बुडाला जे चिकटून राहतं ना, गडद, करपलंय की काय असं वाटायला लावणारं, तिथून तो सुरू होतो. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापली की काय होतं ते माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलं, सगळी खमंग चव तिथलीच, आणि बघणाऱ्याला वाटतं हा पॅन आता घासायला टाकायचा. जास्तीची चरबी ओतून टाकायची, थोडं बटर, बारीक चिरलेला कांदा, जाडसर कुटलेली काळी मिरी (पूड नाही, पूड नुसती तिखट लागते, मिरी दाताखाली यायला हवी). मग गॅस बंद करून ब्रँडी, कारण आच चालू असताना ओतली तर भडका उडतो. लाकडी उलथन्याने बूड खरवडत राहायचं. स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, घालून निम्मा आटवायचा, मग क्रीम, ते पण ३५ टक्के फॅटवालं, हलकं क्रीम उकळताना फाटतं. आणि मग नुसतं उभं राहायचं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली की ती तशीच राहिली पाहिजे, तोवर आच बारीक करून उभं राहायचं. शेवटी, तोपर्यंत थाळीत विसावलेल्या स्टेकमधून जो लालसर रस सुटलेला असतो तो पण त्यातच. लोकांना ते रक्त वाटतं. रक्त नसतं ते, पाणी आणि मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंमधलं लाल प्रथिन, आणि त्यात चव असते म्हणून मी एक थेंब वाया जाऊ देत नाही.

हे सगळं त्या कडेला पडलं होतं.

मी चिडले नाहीये. चिडले असते तर बोलून मोकळी झाले असते. आई असती तर तिने... जाऊ दे. काही बिघडलेलं असतं तरी चाललं असतं, फाटलेला असता, खारट असता, म्हणजे मग कारण सापडलं असतं. मी उरलेला चाखून बघितला, किती वेळा चाखला. काहीही बिघडलेलं नव्हतं. दाट, मऊ, मागून मिरीचा चटका. मग एक घास का नाही? एकच. नाही आवडलं तर सार ना बाजूला, पण आधी एक घास तरी.

खरं तर दादाला लहानपणापासून ताटात काही एकमेकांना लागलेलं चालत नाही. हे मला नवीन नाही. आणि हे लिहिताना अजून एक डोक्यात आलं, त्याने काय काय खाल्लं ते मी बघितलंच नाही, काय सोडलं तेच बघत बसले. त्याने आधी वरचा कडक थर खाल्ला होता, कडेकडेने, जिथे सॉस पोचला नव्हता. तो थर सॉसखाली मऊ पडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. म्हणजे त्याला तो कुरकुरीतपणा हवा होता, आणि तो आणायला पण मीच कागदाने टिपत बसले होते की. मग तो माझ्याच कष्टांचा एक भाग उचलून खात होता आणि दुसरा राहिला. असं म्हटलं की जरा बरं वाटतं. पूर्ण नाही वाटत. एक घास अजून टोचतोच.

शनिवारी परत करणार आहे. सॉस वेगळ्या भांड्यात टेबलावर ठेवीन, ज्याला हवा त्याने घ्यावा, आणि दादाच्या प्लेटकडे बघायचं नाही असं आत्ता तरी ठरवलंय. मी स्वतःच्या स्टेकवर भरपूर ओतून घेणार. यावेळी खारवलेली हिरवी मिरी वापरून बघते, ती मऊ असते, तिखटपणा कमी आणि वास वेगळा. क्रीम जरा जास्तच आणावं लागेल, वहिनी जाता जाता म्हणाली होती उकडलेल्या बटाट्यांवर हा चांगला लागेल म्हणून, आणि ते मी आत्ता लिहिता लिहिता आठवतेय.