न्यूयॉर्कमधले पुतळे, बाक आणि अकरा जणांची परवानगी

न्यूयॉर्क शहराच्या मालकीच्या जमिनीवर कायमचा पुतळा उभारायचा असेल, एखाद्या उद्यानाचा आराखडा बदलायचा असेल किंवा मुलांच्या मैदानालगत नवे स्वच्छतागृह बांधायचे असेल, तर त्याचे रेखाटन पब्लिक डिझाइन कमिशनपुढे ठेवावे लागते. हे मंडळ १८९८ च्या शहर-सनदेने स्थापन झाले आणि २००८ पर्यंत त्याला आर्ट कमिशन म्हणत. त्याचे सदस्य अकरा. एक वास्तुरचनाकार, एक भूदृश्यरचनाकार, एक चित्रकार आणि एक शिल्पकार. कलेच्या व्यवसायाशी संबंध नसलेले तीन नागरिक. मेट्रोपॉलिटन म्युझियम, ब्रुकलिन म्युझियम आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी या संस्थांचे प्रत्येकी एक प्रतिनिधी. आणि स्वतः महापौर किंवा त्यांच्या वतीने कोणी. यांपैकी कोणालाही या कामाचे मानधन मिळत नाही. कलावंत आणि नागरिक-सदस्य यांची नेमणूक महापौर करतात खरे, पण फाइन आर्ट्स फेडरेशन या कलासंस्थांच्या संघाने सुचवलेल्या नावांतूनच त्यांना निवड करावी लागते. हे शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या मर्जीतल्या माणसांनी मंडळ भरून टाकण्याची वाट त्यामुळे बरीच अरुंद होते.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स या भागात राहते आणि या मंडळाच्या बैठकांची कार्यक्रमपत्रिका गेली काही वर्षे नियमितपणे वाचते. तिच्यात मोठ्या वादाचे विषय क्वचित असतात. बहुतेक पाने कुंपणे, दिव्यांचे खांब, पावसाचे पाणी जिरवण्यासाठीचे वाफे, बाक आणि झाडांच्या जाती यांनी भरलेली असतात. आमच्या भागातल्या एका मैदानाचे नूतनीकरण ठरले, तेव्हा पहिली चर्चा कम्युनिटी बोर्डात, म्हणजे वस्तीच्या सल्लागार मंडळात झाली. शहरात अशी एकोणसाठ बोर्डे आहेत. त्यांचा सल्ला बंधनकारक नसला, तरी त्यांच्यापुढे न जाता थेट वर पोहोचणे विभागांना अवघड जाते. त्या संध्याकाळी उद्यान विभागाच्या रचनाकार बाईंनी भिंतीवर आराखडा लावला आणि सर्वांत जास्त वेळ गेला तो कुंपणाच्या उंचीवर. आज्यांना उंच कुंपण हवे होते, कारण चेंडू रस्त्यावर जातो आणि चेंडूमागे मूल जाते. तरुण आईवडिलांना ते कमी उंचीचे हवे होते, कारण उंच जाळीआड मैदान पिंजऱ्यासारखे दिसते आणि आत काय चालले आहे ते रस्त्यावरून कळत नाही. शेवटी चेंडू खेळण्याच्या कोपऱ्यात उंच जाळी आणि बाकीच्या बाजूंना कमरेएवढे कुंपण असा तोडगा निघाला. आराखडा पुढे मंडळाकडे गेला, तेव्हा त्याच्यासोबत या चर्चेची नोंदही गेली.

मंडळापुढे एखादे काम साधारणपणे तीन टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यात संकल्पना पाहिली जाते, म्हणजे ही वस्तू या जागी हवी का आणि तिचा एकंदर आकार काय. दुसऱ्यात प्राथमिक आराखडा, मापे आणि साहित्य यांची छाननी होते. तिसऱ्या टप्प्यात बांधकामासाठीची तपशीलवार रेखाटने आणि साहित्याचे नमुने तपासले जातात, आणि कलाकृती असेल तर ती पुढे कशी जपायची याचाही विचार होतो. प्रत्येक टप्प्यावर मंडळ अटी घालू शकते, प्रस्ताव परत पाठवू शकते किंवा निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत लांबवू शकते. किरकोळ कामे बहुधा चर्चेविना संमतीच्या यादीतून मंजूर होतात. महत्त्वाच्या कामांची उघड सुनावणी होते आणि तिथे कोणीही नागरिक बोलू शकतो. मंजूर झालेल्या कामांचे नकाशे आणि छायाचित्रे मंडळाच्या दप्तरात जपली जातात, आणि हे दप्तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे जाते. उद्यानांत काही काळापुरती मांडली जाणारी शिल्पे मात्र या वाटेने जात नाहीत. त्यांच्यासाठी उद्यान विभागाचा १९६७ पासून चालत आलेला स्वतंत्र उपक्रम आहे.

ही रचना कागदावर नीटस दिसते. ती प्रत्यक्षात कशी चालते, हे सेंट्रल पार्कमधल्या एका पुतळ्याच्या कहाणीतून उत्तम समजते.

सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे आहे. जमीन शहराची, रोजची निगा १९८० मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे, आणि १९७४ पासून ते संरक्षित निसर्गस्थळ असल्याने वारसा आयोगाचेही त्यावर लक्ष असते. या उद्यानात प्रत्यक्ष होऊन गेलेल्या पुरुषांचे तेवीस पुतळे होते. स्त्रिया म्हणाव्यात तर गोष्टी-नाटकांतली ॲलिस होती, ज्युलिएट होती, मदर गूज होती. खऱ्या आयुष्यात वावरलेल्या एकाही स्त्रीचा पुतळा तिथे नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१४ मध्ये स्वयंसेवकांची एक मोहीम सुरू झाली, तिने निधी जमवला, आणि २०१८ मध्ये मेरेडिथ बर्गमन या शिल्पकर्तीचे रेखाटन निवडले गेले. त्यात स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन बी. अँथनी एका मेजापाशी होत्या आणि मेजावरून खाली ओघळणाऱ्या लांब पटावर चळवळीतल्या आणखी बावीस स्त्रियांची नावे होती.

मंडळाला तो पट रुचला नाही. शिल्पाच्या दृष्टीने पाहिले तर मला त्यांचे म्हणणे पटते; कांस्यात घडवलेला, बारीक अक्षरांनी भरलेला पट दुरून वाचता येत नाही आणि आकृत्यांवरचे लक्ष मात्र विचलित करतो. तो काढून टाकण्याची अट आली आणि ती मान्यही झाली. पण पटाबरोबर त्यावरची नावेही गेली. त्या नावांत अनेक आफ्रिकी-अमेरिकी स्त्रिया होत्या, आणि आता शिल्पात उरल्या त्या दोनच, दोघीही गोऱ्या. रचना शुद्ध करण्याच्या भरात इतिहास अर्धा कापला गेला, हे मंडळाने तिथल्या तिथे ओळखायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते ओळखले बाहेरच्या लोकांनी. वर्तमानपत्रांतून टीका झाली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात मोहिमेने नवे रेखाटन मांडले. त्यात गुलामगिरीत जन्मलेल्या आणि तिच्यातून सुटून सभा गाजवणाऱ्या सोजर्नर ट्रुथ या तिसऱ्या आकृतीची भर पडली.

तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. वीसहून अधिक अभ्यासकांनी लेखी आक्षेप घेतला की, ट्रुथ यांना या दोघींसोबत एकाच मेजापाशी बसवले, तर त्यांच्यातले खरे मतभेद पुसले जातील. कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीला स्टँटन आणि अँथनी यांनी विरोध केला होता आणि त्या वादात स्टँटन यांनी वापरलेली भाषा आजही वाचवत नाही. मोहिमेने उत्तर दिले की, १८६७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका अधिवेशनासाठी आल्या असताना ट्रुथ स्टँटन यांच्याच घरी उतरल्या होत्या, त्यामुळे मेज कल्पित असले तरी भेट कल्पित नाही. सप्टेंबरमध्ये मंडळाने निर्णय लांबवला आणि म्हणणे ऐकून घेण्यास वेळ दिला. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी सुधारित रेखाटनाला मंजुरी मिळाली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी, २६ ऑगस्ट २०२० रोजी, पुतळ्याचे अनावरण झाले. आज तो उद्यानातल्या लिटररी वॉक या वाटेवर उभा आहे. ट्रुथ बोलत आहेत, अँथनी मध्ये उभ्या आहेत आणि त्यांच्याजवळ त्यांची प्रवासी पिशवी आहे, स्टँटन यांच्या हातात लेखणी आहे. अभ्यासकांचा आक्षेप पूर्णपणे दूर झाला, असे मी म्हणणार नाही. पण तो आक्षेप, त्यावरचे उत्तर आणि मंडळाने घालवलेले महिने हे सगळे नोंदीत आहे, आणि पुतळ्यासमोर उभे राहून मुलांना ही गोष्ट सांगायची असेल, तर तिचे कागद उपलब्ध आहेत.

पुतळा हटवण्याची परवानगीही याच मंडळाकडे मागावी लागते. पाचव्या अव्हेन्यूवर, सेंट्रल पार्कच्या कडेला, जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाचा पुतळा १९३४ पासून होता. सिम्स यांनी आपली शस्त्रक्रियेची पद्धत गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हापुन्हा प्रयोग करून बसवली. त्यांतल्या ल्युसी, बेट्सी आणि ॲनार्का या तिघींची नावे तेवढी आपल्याला ठाऊक आहेत. ईस्ट हार्लेममधल्या रहिवाशांनी अनेक वर्षे तक्रार केली होती. २०१७ मध्ये महापौरांनी शहरातल्या स्मारकांच्या फेरविचारासाठी सल्लागार समिती नेमली, तिने हा पुतळा हलवण्याची शिफारस केली, आणि १६ एप्रिल २०१८ रोजी मंडळाने एकमताने होकार दिला. दुसऱ्याच दिवशी पुतळा उतरवला गेला. त्या जागी नवे शिल्प कोणाचे, यासाठीच्या निवड समितीने आधी शिल्पकर्ती सिमोन ली यांना पसंती दिली. निवडीच्या बैठकीला आलेल्या रहिवाशांचा कौल मात्र दुसऱ्या शिल्पकर्ती व्हिनी बॅगवेल यांच्या रेखाटनाला होता. लोकांची नाराजी पाहून ली यांनी स्वतः माघार घेतली आणि काम बॅगवेल यांच्याकडे गेले. ली यांच्याविषयीचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

या पद्धतीवर सर्वांत मोठा आक्षेप विलंबाचा आहे आणि तो खोटा नाही. उद्यानातले एक साधे स्वच्छतागृह उभे राहायला वर्षे लागतात आणि खर्च लाखो डॉलरांत जातो. या दिरंगाईला निविदा, कंत्राटे आणि निधीचे टप्पे यांचाही मोठा हातभार आहे, पण ज्या आईला आज मुलाला घेऊन जायचे आहे, तिला ही वाटणी ऐकवून उपयोग नाही. नेहमीच्या स्वरूपाच्या छोट्या कामांसाठी मंडळाने ठरलेले नमुने आधीच मंजूर करून ठेवावेत आणि आपला वेळ पुतळे, मोठी उद्याने आणि ऐतिहासिक जागा यांच्यासाठी राखावा, असे मला वाटते.

मोठ्या कामांच्या बाबतीत मात्र विलंबाबद्दल माझी तक्रार नाही, आणि याचे कारण मालवण आहे. राजकोट किल्ल्यावरच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मध्ये नऊ महिनेही गेले नव्हते. महाराष्ट्रात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. दुर्घटनेनंतर कला संचालकांनी जाहीरपणे सांगितले की, त्यांच्याकडे सहा फुटांचा नमुना मान्यतेसाठी आला होता आणि प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटांचा होणार असल्याचे त्यांना कळवले गेले नव्हते. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे नोंदवली. महाराजांचा चेहरा, बैठक आणि भाव नमुन्यात पाहिले गेले, पण त्याच आकृतीचे सहापट उंच धातूचे शरीर खाऱ्या वाऱ्यात कशाच्या आधाराने उभे राहणार, हे तपासण्यासाठी तो प्रस्ताव पुन्हा त्याच मेजावर आला नाही. न्यूयॉर्कचे मंडळही काही बांधकाम अभियंत्यांचे मंडळ नाही. पायाची आणि सांगाड्याची तपासणी तिथेही वेगळे लोक करतात. पण तिसऱ्या टप्प्याला पुतळ्याचे अंतिम माप आणि साहित्य पुढ्यात असावेच लागते, त्यामुळे सहा फुटांच्या मान्यतेवर ३५ फुटी पुतळा उभा राहण्याला तिथे वावच उरत नाही.

नागरिकांचे म्हणणे ऐकण्याची कायदेशीर पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १९७५ च्या नागरी भागांतील वृक्ष जतन कायद्याने प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आणले. झाड तोडण्याचा अर्ज आला की जाहीर नोटीस द्यावी लागते, ती झाडावरही लावावी लागते आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुंबईत १९९५ पासून वारसा जतन समिती आहे आणि वारसास्थळी काही बदलायचे, तर तिचा अभिप्राय घ्यावा लागतो. म्हणजे झाडासाठी नोटीस आहे, जुन्या इमारतीसाठी समिती आहे. पुतळ्यासाठी स्थानिक संस्थेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि संचालनालयाची मान्यता लागते, आणि या तिन्ही गोष्टी कार्यालयांच्या आत घडतात. झाडावर जशी नोटीस लागते, तसे नियोजित पुतळ्याचे रेखाटन, खरी उंची, धातू, पायाचा नकाशा आणि देखभालीची जबाबदारी कोणाची, हे सारे त्याच उद्यानाच्या फाटकावर आणि प्रभाग कार्यालयात महिनाभर लावावे; मातीच्या नमुन्यानंतर पूर्ण आकाराच्या रेखाटनासाठी संचालनालयाकडे दुसरी फेरी सक्तीची करावी; आणि हरकतींवर काय ठरले, ते लेखी द्यावे. यासाठी नवे मंडळ स्थापन करण्याचीही गरज नाही. परवानगीच्या सध्याच्या नियमांत या तीन अटींची भर घालणारा एक शासन निर्णय पुरेसा आहे.